घटनाकार आणि फाशीचा दोर

९ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या शेजारच्या केज तालुक्यात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. सारा बीड जिल्हा हादरला. मोर्चे निघाले आणि त्या मोर्चांतून फाशीची मागणी झाली. धारूरच्या बाजारात, बसस्थानकावर, चहाच्या टपरीवर तीच भाषा होती. खरे सांगायचे तर रविवारच्या मिस्सानंतर आपल्या आवारात घोळका करून उभे राहणाऱ्यांच्या तोंडीही तीच होती. त्या खटल्याचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे, तो येथे मांडण्याचा हेतू नाही. पण फाशी द्यावी की जन्मठेप, हा प्रश्न त्या दिवसांत आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या मनाशी सोडवून टाकला होता, आणि बहुतेकांचे उत्तर एकच होते.

ज्यांची तसबीर आपल्यातल्या अनेक घरांत येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी लावलेली असते, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उत्तर मात्र वेगळे होते. त्यांच्याविषयी आपल्याला पुष्कळ ठाऊक आहे. त्यांची जयंती आपण पाहतो, ६ डिसेंबरला दादरला जाणारी माणसे आपल्या ओळखीची असतात. पण फाशीबद्दल त्यांनी संविधान सभेत काय सांगितले, हे विचारले तर शंभरात एखादाच सांगू शकेल. म्हणून या रविवारी त्यांचे चरित्र त्या बाजूने थोडक्यात पाहू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमराव जन्मले. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक होते. मूळ घर कोकणातले, मंडणगडजवळच्या आंबडवे गावचे. आई भीमाबाई भीमराव लहान असतानाच वारली. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे, आणि तहान लागली तर शिपायाने वरून ओतल्याशिवाय त्याला पाणी मिळत नसे. पुढचे शिक्षण मुंबईत झाले. १९१२ मध्ये बी.ए., १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. पदव्यांची यादी मोठी आहे आणि ती सर्वांना पाठ आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली एक महत्त्वाची : ते बॅरिस्टर झाले.

१९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. सनद काढायलाही पैसे नव्हते, ते नवल भथेना या पारशी मित्राच्या मदतीने उभे राहिले. परळच्या चाळीत बिऱ्हाड आणि जवळच दामोदर हॉलमध्ये कचेरी. बडे अशील अस्पृश्य वकिलाकडे येत नसत, येत ते गिरणी कामगार, झाडूवाले, खेड्यातून खटल्यासाठी आलेली माणसे. फी पुष्कळदा मिळतच नसे. न्यायालयाची पायरी गरीब माणसाला कशी चढवत नाही, हे बाबासाहेबांनी पुस्तकात वाचण्याआधी त्या कचेरीत रोज पाहिले. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, पण कायदा खालून कसा दिसतो याचे शिक्षण त्यांना परळने दिले असे म्हणायला हरकत नाही.

शिक्षेचा विचार करणाऱ्या माणसाने त्यांच्या आयुष्यातली १९२७ ची महाडची घटना लक्षात घ्यावी. २० मार्चला हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता देवळात शिरणार. परतीच्या वाटेवर असलेल्या, मंडपात जेवत असलेल्या लोकांवर काठ्या पडल्या. अनेकांची डोकी फुटली. बाबासाहेब त्या वेळी डाक बंगल्यात उतरले होते. त्यांच्याभोवती तरुण जमले, त्यांत महायुद्धात लढून आलेले निवृत्त सैनिकही होते. एका शब्दाची खोटी होती. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. लोकांना आवरले, जखमींची व्यवस्था लावली आणि हल्लेखोरांविरुद्ध रीतसर फिर्याद झाली. त्याच वर्षी त्यांतल्या काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. डोकी फुटलेल्या माणसांना चार महिने ही शिक्षा फार वाटली असेल असे नाही. पण शिक्षा देण्याचे काम जमावाचे नव्हे, न्यायालयाचे, ही गोष्ट तिथे ठरली.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला, म्हणजे आपण नाताळ साजरा करत होतो त्या दिवशी, महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. त्याबद्दल खूप बोलले जाते. पण त्या ग्रंथातल्या शिक्षांकडे फारसे कोणी पाहत नाही. एकाच अपराधाला चार वर्णांच्या चार शिक्षा. ज्या गुन्ह्याला इतरांना देहदंड, त्याला ब्राह्मणाचे फक्त मुंडन. ज्याच्या हाती सत्ता आणि विद्या, त्याची मान दोराबाहेर, आणि ज्याच्या हाती काहीच नाही त्याची आत. पेशवाईतही ब्राह्मण अपराध्याला देहान्त शासन सहसा होत नसे, त्याला किल्ल्यात कोंडत. इंग्रजांनी १८६० मध्ये भारतीय दंड संहिता केली आणि १८६२ पासून ती लागू झाली. तेव्हा प्रथमच कागदावर तरी सर्वांना एक शिक्षा आली. कलम ३०२ ने खुनाला दोन शिक्षा सांगितल्या : फाशी किंवा जन्मभर काळे पाणी. कोणाला कोणती, हे न्यायाधीशाने ठरवायचे. येथेच खरी गोम आहे. जात पाहून शिक्षा देणारे कलम गेले, पण वकील पाहून शिक्षा ठरण्याची वाट उघडी राहिली.

आपला धारूरचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. बाबासाहेबांना या राज्यात सभा घेण्याची मोकळीक नव्हती. म्हणून ३० डिसेंबर १९३८ ला मक्रणपूरची परिषद कन्नडच्या बाजूला, नदीपलीकडे इंग्रजी हद्दीत भरवावी लागली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. त्यानंतर सुमारे सोळा महिन्यांनी, २६ जानेवारी १९५० ला, दिल्लीत तयार झालेले संविधान आपल्यालाही लागू झाले. ते ज्या मसुदा समितीने लिहिले तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि देशाचे कायदामंत्रीही तेच होते.

फाशीचा प्रश्न संविधान सभेत दोनदा ठळकपणे आला. पहिल्यांदा १९४८ च्या नोव्हेंबर अखेरीस. संयुक्त प्रांतातले एक सभासद झेड. एच. लारी यांनी दुरुस्ती मांडली की हिंसक राजद्रोहाखेरीज देहदंड नसावा. माणसाच्या हातून चूक होऊ शकते आणि फाशीनंतर चूक दुरुस्त करता येत नाही, हे त्यांचे मुख्य कारण. सभेने ती दुरुस्ती फेटाळली. फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या, गांधीजींच्या खुनाला वर्षही झाले नव्हते. अशा वेळी गुन्हेगाराबद्दल दयेची भाषा कोणाला ऐकवणार?

दुसऱ्यांदा हा विषय आला तो ३ जून १९४९ रोजी, आणि आला तो आडवाटेने. चर्चा होती सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकाराची. इंग्रजी अमलात शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाई. तिथे जायचे तर हजारो रुपये लागत. बिहारमधल्या किंवा मराठवाड्यातल्या शेतमजुराने ते कुठून आणायचे? शिब्बनलाल सक्सेना नावाचे सभासद उभे राहिले. ते स्वतः स्वातंत्र्यलढ्यात फाशीच्या कोठडीत राहून आलेले होते. तिथे त्यांनी माणसे दोराकडे जाताना पाहिली होती, आणि त्यांतली काही निर्दोष होती अशी त्यांची खात्री होती. त्या माणसांचा अपराध एवढाच की वरच्या न्यायालयात जायला पैसा नव्हता. म्हणून ज्याला फाशी सुनावली त्या प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा, असे त्यांचे आणि इतर काहींचे म्हणणे होते.

बाबासाहेब उत्तराला उभे राहिले. सर्व फौजदारी अपिले दिल्लीला आणली तर न्यायालय बुडून जाईल, ही अडचण त्यांनी सांगितली. इथपर्यंत कोणताही कायदामंत्री बोलला असता. पण पुढे ते म्हणाले ते सभेला अपेक्षित नसावे. फाशी झालेल्यांना अपिलाचा हक्क देत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपण अधिक पसंती देऊ, असे त्यांनी सांगितले. म्हणजे हा वादच मिटेल. हा देश अहिंसेचे तत्त्व मानणारा आहे. लोक ते रोजच्या वागण्यात पाळत नसतील, पण जमेल तेवढे पाळले पाहिजे अशी नैतिक आज्ञा म्हणून मानतात तरी. तेव्हा देहदंड पूर्णपणे काढून टाकणे हेच या देशाला योग्य, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

हे कोण बोलत होते, याचा विचार करावा. बाबासाहेब काही प्रत्येक बाबतीत गांधीजींच्या अहिंसेचे अनुयायी नव्हते. १९३२ च्या पुणे करारापासून दोघांचे किती खटके उडाले हे सर्वांना माहीत आहे. आणि ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अत्याचार झाले त्यांचा हा नेता होता. अत्याचाऱ्यांना लटकवा, ही मागणी त्याच्या तोंडी कोणालाही नवल वाटले नसते. तरी कायदा लिहिण्याची लेखणी हातात आली तेव्हा त्याने दोर मागितला नाही.

आता त्या दिवसाच्या आजूबाजूला काय चालले होते ते पाहू. १० फेब्रुवारी १९४९ ला लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने गांधी खून खटल्याचा निकाल दिला होता. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी, नथुरामचा भाऊ गोपाळ, विष्णू करकरे, मदनलाल पाहवा आणि आणखी दोघांना जन्मठेप, सावरकर निर्दोष. बाबासाहेब ३ जूनला बोलले तेव्हा पूर्व पंजाब उच्च न्यायालयाचा अपिलाचा निकाल लागायचा होता. तो त्याच महिन्यात सिमल्याला लागला. दोन फाश्या कायम राहिल्या आणि जन्मठेप झालेल्यांपैकी दोघे सुटले. गांधीजींचे दोन मुलगे, मणिलाल आणि रामदास, यांनी आपल्या वडिलांच्या मारेकऱ्यांना फाशी देऊ नये अशी विनंती केली. ती मानली गेली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी झाली. त्यानंतर अकराव्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, सभेने संविधान स्वीकारले. त्यात फाशी रद्द झाली नव्हती.

मग बाबासाहेबांचे म्हणणे वाया गेले का? पूर्णपणे नाही. त्याच जून महिन्यात एक नवे कलम आले, ते आजचे १३४ वे. खालच्या न्यायालयाने ज्याला निर्दोष सोडले त्याला उच्च न्यायालयाने फिरवून फाशी दिली, तर त्याला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क मिळाला. कलम ७२ ने राष्ट्रपतींना आणि १६१ ने राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा, कमी करण्याचा अधिकार दिला. कलम २१ ने सांगितले की कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय कोणाचाही जीव घेता येणार नाही. तरी एक गोष्ट मला खटकते, ती लिहून टाकतो. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते, फाशी नको असे त्यांना मनापासून वाटत होते, मग ते कलम म्हणून सभेपुढे का ठेवले नाही? बहुधा सभा ते मान्य करणार नाही हे त्यांनी ओळखले होते. हाती असलेल्या माणसांतून जेवढे निघेल तेवढे काढायचे, ही त्यांची रीत हिंदू कोड बिलापर्यंत दिसते. ते बिल रखडले तेव्हा मात्र सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. फाशीसाठी त्यांनी ते सोडले नाही. माणूस सगळ्याच लढाया एकाच वेळी लढू शकत नाही हे खरे, पण ही एक राहिली.

या काळात आपल्या मराठवाड्यासाठी त्यांनी एक मोठे काम केले. १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. बीड जिल्ह्यातली कितीतरी मुले तिथे शिकली, त्यांत आपल्या घरातलीही होती. (१९५० च्याच राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले. पण तो विषय वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.)

त्यांच्या हयातीतच फाशीचा कायदा एक पाऊल मागे सरला. तोवर नियम असा होता की खुनाला फाशी हीच नेहमीची शिक्षा, आणि न्यायाधीशाने ती दिली नाही तर का दिली नाही याची कारणे लिहायची. १९५५ च्या दुरुस्तीने ही सक्ती गेली, आणि काळ्या पाण्याच्या जागी जन्मठेप हा शब्द आला. १ जानेवारी १९५६ पासून हे लागू झाले.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे आपल्याकडे सगळे धरून चालतात. फाशीची मागणी करणाऱ्यांचाही मोठा मुद्दा हाच असतो : जन्मठेप दिली तर हा चौदा वर्षांनी परत गावात येईल. पण कायदा तसा नाही, आणि हे ठरले ते गांधी खून खटल्यातल्याच एका कैद्यामुळे. गोपाळ गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की सूट धरून आपली शिक्षा भरली आहे, आपल्याला सोडावे. १९६१ मध्ये न्यायालयाने सांगितले की जन्मठेप म्हणजे कैद्याचे उरलेले सारे आयुष्य. सरकारने सूट दिली तरच तो बाहेर येतो, हक्क म्हणून नव्हे. सरकारने १९६४ मध्ये त्यांना, करकरे यांना आणि पाहवा यांना सोडले. पुढे १९७८ मध्ये कायद्यात आले की ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला चौदा वर्षांच्या आत सोडताच येणार नाही. चौदा वर्षे ही खालची मर्यादा आहे, लोक ती वरची समजतात. हा एक गैरसमज दूर झाला तरी चहाच्या टपरीवरच्या निम्म्या वादाचे स्वरूप बदलेल.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या काळात त्यांच्या हातात एक शेवटचे पुस्तक होते, बुद्ध आणि त्यांचा धम्म. ते छापून आले १९५७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यात पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या धर्मांतराचा एक भाग आहे आणि त्यात अंगुलिमालाची कथा आहे. अंगुलिमाल हा कोसलच्या राज्यातला दरोडेखोर. मारलेल्या माणसांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा. गावेच्या गावे त्याच्या भीतीने ओस पडली होती. बुद्ध एकटेच त्याच्या रानात गेले आणि तो बदलला, भिक्षू झाला. राजा प्रसेनजित घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला, वाटेत बुद्धांना भेटला, आणि शेजारी चीवर घालून बसलेला भिक्षू कोण हे कळल्यावर त्याने शस्त्र चालवले नाही. दंड देण्याची सत्ता हातात असलेला राजा, सामानासकट तयार होऊन आलेला, समोर बदललेला माणूस पाहून थांबतो. आयुष्यभर कायदा शिकलेल्या, शिकवलेल्या आणि लिहिलेल्या माणसाने आपल्या शेवटच्या पुस्तकात या कथेला जागा दिली.

आपल्याला ती वाचताना कालवरीवरचा चोर आठवतो. त्याला रीतसर शिक्षा झाली होती, आपण तिला पात्र आहोत हे तो स्वतः कबूल करतो, आणि त्याच दिवशी त्याला सुखलोकाचे वचन मिळते. मधल्या क्रुसावर तर निर्दोषच होता. रोमन राज्यपालाने, कायद्याच्या सगळ्या पायऱ्या चढून, जमावाच्या आरोळीखाली दिलेला देहदंड. आपण दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेत पहिल्या स्थानापाशी थांबतो ते याच निकालापाशी.

असे असूनही ख्रिस्तसभेला या प्रश्नावर पुरते बोलायला फार उशीर लागला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पोपच्या राज्यात जल्लाद पगारी होता, त्यांतल्या एकाने १७९६ ते १८६४ या काळात पाचशे सोळा माणसांना मारल्याची नोंद आहे. १९२९ मध्ये व्हॅटिकन राज्य झाले तेव्हा पोपवरच्या प्राणघातक हल्ल्याला देहदंड असे तिथल्या कायद्यात होते. सहावे पोल पोप असताना १९६९ मध्ये ते काढले. म्हणजे ३ जून १९४९ ला बाबासाहेब दिल्लीत फाशी रद्द व्हावी असे म्हणत होते, त्या दिवशी व्हॅटिकनच्या कायद्यात ती होती. पुढे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या आपल्या विश्वपत्रात लिहिले की फाशी खरोखर अटळ ठरेल असे प्रसंग आता जवळपास उरलेलेच नाहीत. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथातले कलमच बदलून ती कोणत्याही परिस्थितीत अस्वीकार्य ठरवली. आशा नसलेली जन्मठेप हीसुद्धा झाकलेली फाशीच, असे त्यांचे मत होते आणि व्हॅटिकनच्या कायद्यातून त्यांनी तीही काढली.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत झोपेतच बाबासाहेबांचा अंत झाला. आदल्या रात्री ते त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेचे कागद तपासत होते.

त्यांच्यामागे हा प्रश्न तसाच चालू राहिला. १९७३ च्या नव्या फौजदारी संहितेने नियम उलटा केला : जन्मठेप हीच नेहमीची शिक्षा, फाशी द्यायची तर खास कारणे लिहायची. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनाबाह्य ठरवली नाही, पण ती विरळातल्या विरळ प्रकरणातच द्यावी असे बंधन घातले. २०१५ मध्ये विधी आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्धचे युद्ध सोडून फाशी रद्द करण्याची शिफारस केली. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेने ती ठेवली आहे.

आणि लोकांची मागणी? २००६ मध्ये खैरलांजीत एक दलित कुटुंब मारले गेले, तेव्हा बाबासाहेबांचेच अनुयायी फाशी मागत रस्त्यावर उतरले. २००८ मध्ये सहा जणांना फाशी झाली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली, तेव्हा मोठा संताप झाला. २०१६ मध्ये कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. तेव्हा मराठा समाजाचे लाखोंचे मोर्चे निघाले, आणि तिथेही मागणी तीच. ज्याचे लेकरू गेले त्याला चूक ठरवणारे आपण कोण? त्या आईच्या रागाला नावे ठेवण्याचा अधिकार या पानाला नाही. पण खैरलांजीत आणि कोपर्डीत दोराकडे बोट दाखवणारे हात वेगवेगळ्या वस्त्यांतले होते, एवढे ज्याने त्याने पाहावे.

शिब्बनलाल सक्सेनांनी ज्या गरिबांबद्दल सांगितले होते, ते मात्र अजून तेच आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुबळ्या घरांतले होते. आपल्या तालुक्यातली माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. अशा घरातला एखादा परजिल्ह्यात पकडला गेला तर त्याच्यासाठी साक्षीदार कोण शोधणार, वकील कोण पाहणार, तारखेला कोण जाणार?

असेच घडलेले एक प्रकरण सांगतो. २००३ च्या जूनमध्ये नाशिकजवळ एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, खून आणि बलात्कार झाले. गुन्हा इतका भयंकर की ऐकणाऱ्याची मती गुंग व्हावी. पोलिसांनी सहा जणांना धरले. भटक्या जमातीतले मजूर, आपल्या मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्याकडचे. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवून पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. म्हणजे या देशातली सगळी न्यायालये संपली होती आणि राहिली होती फक्त बाबासाहेबांच्या संविधानातली दयेच्या अर्जाची कलमे. मध्यंतरी त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असे निघाले. मग फेरविचाराचे अर्ज न्यायालयाने पुन्हा उघडले, आणि तेव्हा कळले की वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून वेगळीच चार माणसे ओळखली होती. तो धागा पोलिसांनी पकडलाच नव्हता.

५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश महाराष्ट्र शासनाला दिला. त्यांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. माणसे जिवंत होती, म्हणून ते पैसे घ्यायला कोणीतरी होते.